काही सत्कार राहून गेले

मराठी घेऊन एम.ए. केलं की नोकरी लागायची तेव्हा लागते, माईक मात्र लगेच हातात येतो. कॉलेजात ध्वजारोहण असो, कुणाची जयंती असो की पाण्याच्या टाकीचं उद्घाटन असो, प्राचार्य स्टाफरूमच्या दारात येऊन एवढंच म्हणतात, "मॅडम, तुमचं मराठी चांगलं हाय." झालं! लातूरला नोकरीची अख्खी उमेद मी सूत्रसंचालनात घालवली. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागतगीत आणि मग सत्कार. शाल, नारळ, टाळ्या. शाल, नारळ, टाळ्या. आणि आमच्याकडं सत्कार कधी संपत नाहीत. कार्यक्रम मधोमध आला की समोरून चिठ्ठ्या यायला लागतात. "माजी सरपंच आलेत, त्यांचाही घ्या." "चेअरमनचे साडू मागं बसलेत, नाराज हायत." मग आपण गोड आवाजात म्हणायचं, "क्षमा असावी, काही सत्कार राहून गेले आहेत." घसा बसतो, पाय भरून येतात आणि पाहुणे बोलायला उठतात तोवर निम्मी माणसं जेवायला गेलेली असतात.

अशाच एका कार्यक्रमानंतर मी स्टाफरूममध्ये डोकं धरून बसले होते. शेजारच्या खुर्चीतून आवाज आला, "मॅडम, तुम्ही जे करून राहिलात ना, विलायतेत त्याला लोक तिकीट काढून हसतात."

ते सोनकांबळे सर. इंग्रजी शिकवायचे. मूळचे लोह्याकडच्या खेड्यातले. उंच, काटकुळे, आणि लातूरच्या मे महिन्यातसुद्धा गळ्यात टाय. आख्ख्या कॉलेजात टाय घालणारे ते एकटेच. पोरं मागून हसायची, आम्ही पुढून विचारायचो, "सर, उकडत न्हाई का?" सर शांतपणे म्हणायचे, "उकडतं की. पर टाय घातल्याशिवाय येडेपणा करता येत न्हाई. येड्याचे कपडे घालून येडेपणा केला तर त्यात काय ऱ्हायलं?" हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलायची नाही. सर थट्टा करतायत की खरं सांगतायत, हे पहिली दोन-तीन वर्षं तर मला कळलंच नाही.

गॅदरिंगला विनोदी प्रवेश लिहून बसवायचं त्यांचं हे खूळ नांदेडचं. तिथं एम.ए. करताना ते वसतिगृहात राहायचे. खोलीतल्या मित्राचा भाऊ आखातात होता. त्यानं व्हिडिओ कॅसेटींचं एक खोकं आणलं. त्यात मारामारीच्या पिक्चरांखाली दोन-तीन बिननावाच्या कॅसेटी निघाल्या. बाजारातल्या एका व्हिडिओवाल्याच्या हातापाया पडून, दुपारी गिऱ्हाईक नसताना, सरांनी त्या लावल्या. इंग्लंडच्या टीव्हीवरचे ते छोटे छोटे प्रवेश होते. चार-पाच मिनिटांचे. सूट घातलेली शिकलेली माणसं, आणि बोलणं मात्र निव्वळ अचाट, तेही सरकारी जीआर वाचावा अशा आवाजात. सरांनी त्या लोकांची नावं मला कितीदा तरी सांगितली, मला एकही लक्षात राहिलं नाही. सर म्हणायचे, "मॅडम, मला त्यांचं इंग्रजी समजलं न्हाई. पर माणसं लगेच वळखू आली. म्हटलं, अरे, हे तर आपल्याकडच्या शिक्षणसंस्थांचे लोक हायत!"

पुढं कुणाकुणाकडून त्यांनी आणखी कॅसेटी मिळवल्या. त्यांत त्याच देशातली, पण नंतरची पोरंपोरी होती. ही सुटातली नव्हती. दारूच्या गुत्त्यावरच्या एखाद्या अंधाऱ्या खोलीत उभं राहून घामाघूम होऊन सरकारला शिव्या घालणारी. सरांना ती पहिल्यांदा आवडली नाहीत, "फार वरडतात" म्हणायचे. पण त्यांच्याबद्दल कुठंतरी वाचलेलं एक सरांच्या मनात घट्ट बसलं. त्या पोरांनी आपसात ठरवून टाकलं होतं की बायकोवर, सासूवर, काळ्या माणसावर विनोद करायचा नाही. इतकी वर्षं त्यावरच पोट भरत होती तिकडची विनोदी माणसं, आणि ह्यांनी ते बंद केलं.

"बघा मॅडम," सर म्हणायचे, "इनोद करायचा तर मान वर करून करायचा. खाली बघून न्हाई. खाली समदी आपलीच माणसं हायत."

सरांची माणसं बौद्ध. लहानपणी गावात कोणाकोणाच्या हसण्याचा विषय झाली असतील, ते त्यांनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पण एक प्रसंग सांगते. गॅदरिंगच्या तालमीत एक पोरगा आमच्या शिपायाची नक्कल करत होता. शिपाईमामा पायानं अधू होते. पोरगा हुबेहूब लंगडला आणि हॉल हसून लोटपोट झाला. मामा दारातच चहाचा ट्रे घेऊन उभे. मला वाटलं, आता सर चिडणार. सर चिडले नाहीत. टाय सारखा करत पुढं गेले आणि म्हणाले, "लई झकास. नजर हाय तुला. आता प्राचार्यांची चाल करून दाखव."

पोरगा चपापला. "सर, तोंडी परीक्षा त्यांच्याकडंच हाय ना."

"मग तुला इनोद न्हाई येत, बाळा. तुला हिशेब येतो," सर म्हणाले आणि मामांच्या हातातला ट्रे घेऊन स्वतःच चहा वाटायला लागले. त्या वर्षी नकला झाल्या नाहीत. मला तरी मनापासून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

नवा प्रवेश सुचला की सर आधी तो घरी करून दाखवायचे. वहिनी आरोग्य केंद्रात नर्स. दिवसभर सुया टोचून, बाळंतपणं करून घरी आलेली बाई खाली बसून मेथी निवडतेय आणि समोर नवरा टाय लावून प्रवेशातल्या दोन्ही माणसांची कामं एकटाच करतोय, हे दृश्य मी डोळ्यांनी पाहिलंय. मी हसून हसून डोळे पुसत होते. वहिनींनी मान वर केली. "झालं का?" म्हणाल्या. "झालं असलं तर हे लसूण सोला." सर गुपचूप खाली बसले. परत जाताना जिन्यात मला म्हणाले, "मॅडम, सगळं लातूर हसलं तरी खरं न्हाई. ही एकदा हसली पाहिजे." मी म्हटलं, "सर, त्या दमलेल्या असतात हो." तर म्हणाले, "दमलेल्या माणसासाठीच तर हाय हे."

रंगमंचावर मात्र त्यांचा नियम कडक होता. करणाऱ्यानं हसायचं नाही. "पेशंटच्या आधी डॉक्टर रडला तर कसं चालंल?" आणि अगदीच आवरेना तर प्रेक्षकांकडं पाठ करायची, मनसोक्त हसून घ्यायचं आणि चेहरा धुतल्यासारखा करून परत वळायचं. पोरं तालमीत सारखी पाठ करून उभी राहायची. सरांना पाठ केलेलं मी कधी पाहिलं नाही.

आणि मग तो सत्काराचा प्रवेश आला. मला म्हणाले, "तुम्ही निस्तं तुमचं रोजचं काम करायचं. एक शब्द वेगळा बोलायचा न्हाई." प्रवेश असा. सर पाहुणे. बोलायला उठतात, "बंधू आणि भगिनींनो" म्हणतात, की मी माईकवर, "क्षमा असावी, काही सत्कार राहून गेले आहेत." सर बसतात. अध्यक्ष झालेला पोरगा कुणाला तरी शाल घालतो. सर पुन्हा उठतात, "बंधू आणि भगिनींनो," आणि मी पुन्हा तेच. शाल एकच, ती एकाच्या खांद्यावरून काढून, घडी घालून, दुसऱ्याला. आधी माणसांचे सत्कार, मग खुर्चीचा, मंडपाच्या खांबाचा, आणि शेवटी शालीचाच, शाल देऊन. एवढंच. शेवट नाही. सर म्हणायचे, "शेवट कशाला? आपल्या कार्यक्रमाला असतो का?"

गॅदरिंगला पोरं पहिल्यापासून लोळत होती. पण पुढं पालक बसलेले, संस्थेचे सभासद, गावोगावची फेट्यातली मंडळी. त्यांना हे नाटक आहे असं वाटलंच नाही. का वाटावं? माईकवर मीच, शाल तीच, वाक्य तेच. आणि समोरून चिठ्ठी आली. खरीखुरी! "औराद शहाजानीचे अण्णा आलेले आहेत." मी घामाघूम. सरांकडं पाहिलं. त्यांनी ओठ न हलवता सांगितलं, "वाचा."

मी वाचलं. अण्णा फेटा सावरत वर आले, पोराच्या हातून शाल घेतली, सगळ्यांना हात जोडले आणि ती शाल घेऊन खाली जाऊन बसले. आमच्याकडची एकुलती एक शाल! पोरं धावत जाऊन कुणाच्या तरी आईची शाल मागून घेऊन आली. तोवर चिठ्ठ्यांचा ढीग. निम्मा हॉल हसतोय आणि निम्मा आपलं नाव कधी येतंय म्हणून बघतोय. आणि त्या ढिगात कुणीतरी संस्थेच्या अध्यक्षांचं नाव घातलेलं. मी वाचून गेले, वाचल्यावर कळलं. साहेब उठले, नेहमीच्या सवयीनं वर आले, आणि त्यांचंच सोंग घेतलेल्या पोरापुढं मान वाकवून उभे राहिले. पोरानं शाल घातली. हॉल फुटायचा बाकी राहिला. साहेबांनी एकदा पोराच्या डोक्यावरच्या आपल्यासारख्याच टोपीकडं पाहिलं, एकदा सरांकडं पाहिलं. सर उठले आणि अतिशय नम्रपणे म्हणाले, "बंधू आणि भगिनींनो."

पंधरवड्यात सरांची बदली झाली. संस्थेच्या बिलोलीच्या शाखेला, पार नांदेडच्या टोकाला. कारण लिहिलं होतं, "प्रशासकीय."

वहिनींची नोकरी लातूरला, लेकरांच्या शाळा लातूरला. सर शनिवारी दुपारी निघायचे. बिलोली, देगलूर, उदगीर, लातूर. बस बदलत बदलत रात्र करून घरी, आणि रविवारी संध्याकाळी परत. किती वर्षं चाललं हे! लेकरं मोठी झाली, लेकीचं लग्न झालं, वहिनी रिटायर झाल्या, तरी सर एसटीतच. बिलोलीच्या प्राचार्यांना वरून निरोप होता की ह्यांना स्टेजवर चढू द्यायचं नाही. गॅदरिंगच्या दिवशी सरांना मुद्दाम परीक्षा विभागात बसवायचे. मी एकदा माहेरी जात होते, तेव्हा सर उदगीरच्या स्टँडवर भेटले. टाय होता, केस पांढरे झालेले. बाकावर बसून मोबाईलवर कुणा पोराचे विनोद बघत होते.

"काय म्हणतंय नवीन पीक?" मी विचारलं.

"बायको जाड हाय म्हणून राहिलाय," सर म्हणाले. "लाखो लोकांनी बघितलंय." मोबाईल खिशात ठेवला. "लई थकलो मॅडम. पहिल्यांदा वाटायचं, साहेबांनी बदली केली म्हंजे इनोद बराबर बसला. आता वाटतं, हिनं एकटीनं लेकरं वाढवली, आन् मी काय केलं? एका शालीची गंमत." बस लागली आणि ते डोळे मिटून खिडकीशी बसले. मला फार वाईट वाटलं.

ह्या वर्षी सरांचा फोन आला. सेवापूर्तीचा कार्यक्रम बिलोलीला, सूत्रसंचालन तुम्हीच करायचं. मी म्हटलं, "सर, माझाही घसा आता रिटायर झालाय." म्हणाले, "तुम्ही न्हाई तर काय मजा?" गेले. आदल्या दिवशी त्यांच्या भाड्याच्या खोलीवर उतरले. वहिनी चहा करत होत्या. बाहेर सरांचा आवाज येत होता, मनोगताची तालीम. वहिनी दार लोटून घेत म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही तरी सांगा त्यांना. पेन्शनच्या फायलीवर साहेबांची सही ऱ्हायलीय. उद्या साहेब सोता येऊन राहिलेत. ह्यांनी माईक धरला आन् काही बोलले, तर ती फाईल तशीच पडंल. मी शपथ घातलीय. आभार मानायचे आन् बसायचं, बास."

मी म्हटलं, "वहिनी, एक विचारू? तुम्ही कधीच हसला नाहीत त्यांच्या प्रवेशांना."

त्यांनी गॅस बारीक केला. "हसू येत न्हाई असं न्हाई हो. भ्याव वाटतं. ह्यांचं एखादं लई चांगलं जमलं की मला वाटतं, आता ह्याचं काय फेडावं लागतंय. आन् मी हसले असते तर हे थांबले असते का?"

दुसऱ्या दिवशी मंडपात सर आणि वहिनी मधल्या सजवलेल्या खुर्च्यांवर. सरांना टाय, वहिनींना जांभळी पैठणी. बाजूला साहेब, आता काठी घेऊन चालणारे. सुरुवातीला सरांना साहेबांच्या हस्ते शाल, वहिनींना साडीचोळी. मग नेहमीचं. संचालक, माजी संचालक, भावी संचालक, त्यांच्याबरोबर आलेले. उन्हानं मंडप तापलेला. चिठ्ठ्या येतायत, मी वाचतेय, साहेब उठतायत, बसतायत. सरांचं मनोगत मागं मागं चाललेलं. मी एकदा चोरून सरांकडं पाहिलं. ते पत्रिकेच्या मागं काहीतरी लिहीत होते.

ती चिठ्ठी माझ्याकडं आली. अक्षर ओळखीचं. "कॉलेजचे संडास रोज धुणाऱ्या चंद्रकलामावशी. राहून गेल्या."

शपथ माईकची होती, चिठ्ठीची नव्हती! मी घसा साफ केला. "क्षमा असावी, काही सत्कार राहून गेले आहेत." मावशी खराटा तसाच हातात धरून वर आल्या. साहेब उठले. काय करणार? नाव पुकारलेलं, मंडप भरलेला. त्यांनी वाकून शाल घातली, नारळ दिला. टाळ्या पडल्या. साहेब बसेपर्यंत दुसरी चिठ्ठी. "बिलोली-देगलूर बसचे ड्रायव्हर. इतकी वर्षं मला शनिवारी घरी नेलं." तिसरी मंडपवाल्याची. चौथी भांडी घासायला आलेल्या बायांची, सगळ्यांची नावानिशी. साहेब काठी टेकत उठत होते, वाकत होते, बसत होते. त्यांना काही कळत होतं की नव्हतं, मला आजही सांगता यायचं नाही. सर समोर बघत बसलेले, चेहऱ्यावर रेष नाही. पण वहिनींनी सरांच्या हातातलं पेन पाहिलं होतं. त्या खाली मान घालून पदराचा काठ चिमटीत धरून बसल्या होत्या.

शेवटची चिठ्ठी मी उघडली. त्यात माझं नाव होतं. "हजारो सत्कार पुकारले, ह्यांचा कुणी केला नाही." इतक्या वर्षांत खरोखरच कुणी केला नव्हता. मी ते माझ्याच तोंडानं वाचलं. शाली संपलेल्या. शाली पुरवणाऱ्या क्लार्कनं इकडंतिकडं पाहिलं आणि बिनदिक्कत सरांच्या खांद्यावरची शाल काढली, झटकली, घडी घातली आणि साहेबांच्या हातात दिली. साहेबांनी ती मला घातली. सत्कारमूर्ती बिनशालीचे बसून राहिले. माझे डोळे भरून आले, आणि त्याच वेळी हसूही आवरेना. मी पाठ केली.

वळले तेव्हा सर माईकशी उभे होते. मागं जेवणाची भांडी वाजत होती. वहिनींचा चेहरा पांढराफटक. सरांनी टाय सारखा केला.

"बंधू आणि भगिनींनो," सर म्हणाले. आणि थांबून माझ्याकडं पाहिलं.

ते बघणं मला पाठ होतं. मी दुसरा माईक उचलला. "क्षमा असावी. काही सत्कार राहून गेले आहेत."

सर आज्ञाधारकपणे जाऊन बसले. तेवढ्यात आचाऱ्यानं पुऱ्या तयार असल्याचं ओरडून सांगितलं आणि मंडप उठला. साहेबही उठले, त्यांचे गुडघे दुखायला लागले होते. इतक्या माणसांना शाली घातल्यामुळं सगळा गाव त्यांच्या पाया पडत होता, ते खुशीत होते. फायलीवर सही आठवड्याभरात झाली.

मी वायर गुंडाळत होते. रिकाम्या स्टेजवर सर आणि वहिनी तेवढे बसून होते, तिथून एक आवाज आला. आधी मला वाटलं, वहिनी रडतायत. खांदे हलत होते, पदर तोंडात. मग पदर सुटला, आणि ती बाई मोकळ्या गळ्यानं हसायला लागली. "अहो, तुमची शाल..." एवढंच म्हणायची, आणि पुन्हा हसायची. पुऱ्या वाढणारी माणसं थांबून बघायला लागली. सर तिच्याकडं बघत होते, नुसते बघत होते. त्यांचा ओठ एकदा हलला.

मग त्यांनी उठून आपली खुर्ची उलटी फिरवली आणि आम्हा सगळ्यांकडं पाठ करून बसले.